आठची मालिका, साडेसातचं भजन आणि गेलेली लाईट: गावच्या घरी रेकॉर्डिंगवाला डबा घ्यावा का?

प्रश्न विचारणारे ठाण्याला असतात आणि आईवडील देवगड तालुक्यातल्या गावी. वडील साडेसातला देवळात भजनाला जातात. आईची मालिका आठला लागते आणि भाकऱ्याही आठलाच. पावसात लाईट जाते ती वेगळीच. ते विचारतात, "रेकॉर्ड करणारा सेट टॉप बॉक्स घेऊन दिला तर त्यांना खरंच उपयोग होईल का? की स्मार्ट टीव्ही आणि इंटरनेट बरं?"

मी याच पट्ट्यात वीस वर्षांहून जास्त काळ टीव्हीचं काम करतोय. आधी केबलच्या तारा ओढल्या, मग छपराछपरावर डिशच्या छत्र्या बसवल्या, आणि आता निम्मा दिवस लोकांचे रिमोट सरळ करण्यात जातो. माझं उत्तर असं: उपयोग होईल, आणि तुम्हाला वाटतोय त्यापेक्षा जास्त होईल. फक्त पहिला पैसा डब्यावर घालू नका. तो कशावर घालायचा ते सांगतो, म्हणून उत्तर लांबलंय.

त्याआधी एक सूचना. रेकॉर्ड करणाऱ्या डब्याला इंग्रजीत डीव्हीआर म्हणतात, पण देवगडात किंवा कणकवलीत दुकानात जाऊन "डीव्हीआर द्या" असं म्हणू नका. दुकानदार सीसीटीव्हीचा डबा काढून देईल. हल्ली इकडे मुंबईकरांच्या बंद घरांना सगळीकडे कॅमेरे लागलेत, त्यामुळे डीव्हीआर म्हटलं की तेच. एका गृहस्थांनी तसला डबा आणून माझ्याकडे 'मालिकांचं सेटिंग' करायला दिला होता. "रेकॉर्डिंगवाला सेट टॉप बॉक्स" असंच म्हणा.

आता मूळ दुखणं. तुमच्या आईला मालिका कमी पडत नाहीत. टीव्हीचं घड्याळ आणि घरचं घड्याळ जुळत नाही, एवढीच अडचण आहे. चॅनेलवाल्यांनी आठ ही वेळ मुंबई-पुण्याच्या घरांकडे बघून ठरवलेली असणार. गावात आठला भाकऱ्या चालू असतात, गोठ्याकडे एक फेरी राहिलेली असते, देवळात आरती होत असते. आंब्याच्या दिवसांत तर रात्री दहापर्यंत पेट्या भरायचं काम चालतं. रेकॉर्डर एवढंच करतो की कार्यक्रम येतो तेव्हा पकडून ठेवतो आणि तुम्ही मोकळे झालात की हातात देतो.

कल्पना जुनीच आहे. व्हीसीआरमध्येही टायमर होता, पण तो लावता येणारा माणूस वाडीत एखादा. बाकीच्यांच्या व्हीसीआरवर बाराचा आकडा लुकलुकत राहायचा. आमच्याकडे व्हीसीआर भाड्याने यायचा तो सत्यनारायणाच्या पूजेला, रात्रभर मांडवात सिनेमे बघायला. रेकॉर्डिंग कोण करतंय! हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारे पहिले घरगुती डबे १९९९ साली अमेरिकेत आले, टिवो आणि रिप्लेटीव्ही. आपल्याकडे २००८ मध्ये टाटा स्कायने (आताचं टाटा प्ले) 'प्लस' नावाचा डबा काढला, तेव्हा कुठे लोकांना कळलं की चालू टीव्ही थांबवता येतो. मी पहिला बसवला तो एका डॉक्टरांच्या घरी. त्यांनी बातम्या देणाऱ्या बाईंना मध्येच थांबवलं, चहा पिऊन आले आणि पुढे सुरू केलं. घरातली मंडळी टीव्हीकडे न बघता डॉक्टरांकडे बघत होती.

फायदे विचारले की लोक पहिल्यांदा जाहिराती सांगतात. जाहिराती पळवता येतात हे खरं. अर्ध्या तासाचा भाग वीस-बावीस मिनिटांत संपतो. पण मी ज्या म्हाताऱ्या माणसांकडे डबे लावले, त्यातल्या निम्म्या जणांनी जाहिराती कधीच पळवल्या नाहीत. त्यांना पळवायचं बटण दाबून बरोबर जागी थांबवणं जमत नाही, भाग पुढे जातो, मग मागे आणायचा म्हणजे आणखी गोंधळ. त्यांना जो फायदा झाला तो निराळाच.

पहिला म्हणजे थांबवणं. तुम्ही ठाण्याहून रात्री आठ-साडेआठलाच फोन करत असणार, कारण तेव्हाच तुम्ही घरी पोचता. आणि आई म्हणत असणार, "मालिका लागली आहे, मग कर." आता तिने टीव्ही थांबवला, तुमच्याशी दहा मिनिटं बोलली आणि जिथे सोडलं तिथून पुढे बघितलं. यात रेकॉर्डिंग लावायचीही गरज नाही. डबा चालू चॅनेल मागच्या मागे डिस्कवर लिहीत असतो, तेवढ्यावर भागतं. कोणी माणूस दारात आला, दूध उतू गेलं, वडलांची गोळी द्यायची राहिली, कशालाही चालतं.

दुसरा फायदा, मागे घेणं. कान कमी झाले की माणूस आवाज वाढवतो, आणि आवाज वाढवूनही एखादं वाक्य निसटतंच. मग "काय म्हणाला तो?" म्हणून शेजारच्याला विचारायचं आणि त्या गडबडीत पुढचं वाक्यही जायचं. दहा सेकंद मागे नेऊन परत ऐकता आलं की हे थांबतं. क्रिकेटला तर विचारूच नका. पंचांनी बाद दिला की वडील स्वतः तो चेंडू चार वेळा बघून पंचांना नावं ठेवतील.

तिसरा फायदा आमच्या इथल्या एका आजींनी मला सांगितला. महिनाभराने पैसे घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "आता माका चुलीकडसून पळूक लागणा नाय." जेवणं आटपून, भांडी घासून, पदराला हात पुसत त्या साडेनऊला निवांत बसतात. मला वाटतं या यंत्राचं एवढं नेमकं वर्णन कुठल्याच कंपनीच्या जाहिरातीत नसेल.

आता अडचणी, आणि त्या कोकणातल्या आहेत. मुंबईतल्या माणसाने लिहिलेली माहिती वाचून डबा घेतला की इथेच फसायला होतं.

सगळ्यात मोठी अडचण लाईटची. रेकॉर्डिंगच्या वेळेला टीव्ही बंद असला तरी चालतो, डब्याला मात्र करंट लागतो. लाल दिवा लागलेला, म्हणजे स्टँडबायवर असलेला डबा वेळ झाली की स्वतः जागा होतो. पण गावाकडे टीव्ही बघून झाला की बोर्डावरचं बटणच बंद करायची सवय असते. ती सवय चुकीची नाही, त्यांनी विजांनी जळलेले टीव्ही बघितलेत. पण बटण बंद म्हणजे टायमर मेला. मला आलेल्या "रेकॉर्डिंग होत नाही" या तक्रारींपैकी सगळ्यात जास्त तक्रारींचं मूळ हेच निघालं. डबा चांगला, डिस्क चांगली, बटण बंद.

यावर मी काय करतो? बहुतेक घरी आता इन्व्हर्टर असतो, पण त्याची लाईन दिवे-पंख्यांना दिलेली असते, टीव्हीच्या बोर्डाला नसते. वायरमनला सांगून डब्यापुरता एकच सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यायचा. डबा पंधरा-वीस वॅटच्या आतबाहेर खातो, एका छोट्या बल्बाएवढं. इन्व्हर्टरला ते जाणवतही नाही. टीव्ही त्या लाईनवर घेतलाच पाहिजे असं नाही. लाईट गेलेली असताना आई मालिका बघणार नाही, पण डबा ती पकडून ठेवील आणि लाईट आली की बघता येईल. इन्व्हर्टर नसेल तर वायफायच्या राउटरसाठी मिळतो तसला छोटा यूपीएस घ्या. डब्याच्या ॲडॉप्टरवर बारा व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो चालतो. मात्र ॲम्पियर बघा, डब्याला दीड लागत असतील आणि यूपीएस एकच देत असेल तर डबा मध्येच मान टाकतो. पिनही बरोबर बसायला हवी, आणि त्यातला अधिक-उणा जुळायला हवा.

दुसरी गोष्ट मी प्रत्येक घरी करून बघतो. रेकॉर्डिंग चालू असताना मुद्दाम प्लग काढतो आणि दोन मिनिटांनी परत लावतो. काही डबे उठून राहिलेलं रेकॉर्डिंग आपोआप पुढे चालू करतात. काही उठतात आणि तसेच बसून राहतात. काही तर आधी झालेला भागही उघडू देत नाहीत, कारण फाईल नीट बंद झालेली नसते. डब्याच्या खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. पण ज्या गावात जुलैच्या संध्याकाळी लाईट चार वेळा ये-जा करते, तिथे हा एक गुण बाकी दहा गुणांपेक्षा महत्त्वाचा आहे. डबा आणलात की पहिल्याच दिवशी ही परीक्षा घ्या, म्हणजे बदलून घ्यायची वेळ गेलेली नसते.

आणि विजांचं काय? वीज फक्त बोर्डातून येत नाही, छत्रीच्या तारेतूनही येते. बोर्ड बंद करून मागची तार तशीच ठेवली तर अर्धीच काळजी घेतली. माझा हिशेब असा: इकडे खऱ्या विजा कडाडतात त्या मे महिन्याच्या अखेरच्या वळवाला आणि ऑक्टोबरात परतीच्या पावसाला. त्या दिवसांत आभाळ भरलं की प्लग काढा आणि डब्यामागची गोल तारही फिरवून सोडा, त्या दिवशीचं रेकॉर्डिंग गेलं तर गेलं. जुलै-ऑगस्टात पाऊस धो धो असतो पण गडगडाट त्या मानाने कमी, तेव्हा डबा चालू ठेवायला हरकत नाही. आईला मात्र ती तार हाताने सोडता-लावता आली पाहिजे. पाना लावून घट्ट आवळून ठेवू नका.

आता पाऊस आणि सिग्नल. डीटीएचच्या, म्हणजे उपग्रहावरून थेट छत्रीवर येणाऱ्या टीव्हीच्या, लहरी बारीक असतात, साधारण अडीच सेंटिमीटरच्या. जोराच्या सरीतले टपोरे थेंब त्या शोषून घेतात, विखरून टाकतात. म्हणून नेमकं मालिकेत काही घडायच्या वेळेला पडद्यावर चौकोन दिसतात. रेकॉर्डर यावर काही करू शकत नाही. जे छत्रीपर्यंत पोचलंच नाही ते तो कुठून लिहिणार? हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात "तुझो डबो काय कामाचो नाय" हे ऐकावं लागेल.

पण यावर एक गावठी उपाय आहे. बऱ्याच मालिका दुसऱ्या दिवशी सकाळी किंवा दुपारी पुन्हा दाखवतात. पावसाळ्यात मी दोन्ही वेळांचं रेकॉर्डिंग लावून देतो, रात्रीचंही आणि पुनःप्रक्षेपणाचंही. दोन्ही वेळेला नेमकी तेव्हाच सर यावी असं क्वचितच होतं. जो भाग धड आला तो बघायचा, दुसरा पुसायचा. माझ्या मते कोकणात रेकॉर्डरचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे. दुपारी अडीचला जागं राहून पुनःप्रक्षेपण कोणी बघत नाही, डबा बघतो.

सिग्नलमध्ये पावसाचा दोष किती आणि आपला किती हेही तपासा. देवगडच्या बाजूने बघितलं तर आपल्याकडच्या छत्र्या साधारण आग्नेयेला, सह्याद्रीच्या दिशेला तोंड करून असतात. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंश पूर्वेला आहे, तो इथून जवळजवळ ६८ अंश वर दिसतो. दूरदर्शनच्या फ्री डिशचा ९३.५ अंशांवर, तो थोडा खाली आणि आणखी पूर्वेकडे. छत्रीचा हात एका बाजूला खालून येतो, त्यामुळे ती दिसते त्याहून बरीच वर बघत असते. लोक सरळ समोर बघून म्हणतात की आड काहीच नाही. आणि वर बघावं तर शेजारच्या माडाची झावळ. पाच वर्षांपूर्वी छत्री लावली तेव्हा तो माड खाली होता. झावळ वाऱ्याने हलली की चित्र अडकतं आणि दोष पावसाला जातो. खाऱ्या हवेने तारेच्या टोकाला हिरवा गंज चढतो तो वेगळाच. दर वर्षी मेमध्ये टोक कापून नवा कनेक्टर लावायचा, वर रबरी चिकटपट्टी गुंडाळायची, आणि तार घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोका द्यायचा, म्हणजे पाणी ओघळून तिथेच टपकतं, आत येत नाही. दोनेकशे रुपयांचं काम आहे. ते न करता हजारोंचा डबा आणू नये.

इथपर्यंत जे सांगितलं त्याचा क्रम लक्षात ठेवा. आधी डब्याचा खंड न पडणारा करंट, मग छत्री आणि तार, मग डबा. उलट्या क्रमाने केलं तर डब्याला दोष देत बसाल.

आता डबा कुठला. प्रकार दोनच धरा. एक म्हणजे पोटात हार्ड डिस्क असलेला. यात सहसा चॅनेल पकडणारे दोन भाग, म्हणजे दोन ट्यूनर असतात, म्हणजे एक चॅनेल रेकॉर्ड होत असताना दुसरं बघता येतं. पण त्यासाठी छत्रीवरून दोन तारा खाली आणाव्या लागतात आणि छत्रीच्या हातावरचा सिग्नल पकडणारा भाग, एलएनबी, तोही दोन तोंडांचा लागतो. हे न सांगता नुसता डबा विकला जातो आणि मग एकच तार लावून लोक म्हणतात, "दोन चॅनेल कुठे होतात?" दुसरा प्रकार म्हणजे साधा डबा, मागे किंवा पुढे यूएसबी असलेला, त्यात पेन ड्राईव्ह किंवा बाहेरची डिस्क लावून रेकॉर्ड करायचं. तुमच्या आईवडलांकडे आत्ता जो डबा आहे त्याला यूएसबी आहे का, आणि मेनूत रेकॉर्डिंग आहे का, हे आधी बघा. कित्येक घरांत ती सोय पहिल्या दिवसापासून असते आणि कोणाला माहीतच नसते.

फ्री डिश असेल तर आणखी सोपं. दूरदर्शनची ही सेवा २००४ मध्ये सुरू झाली, महिन्याचं भाडं नाही, सह्याद्री वाहिनी त्यावर मिळते. बाजारातल्या बऱ्याचशा साध्या फ्री डिश डब्यांत रेकॉर्डिंग असतं आणि ती फाईल कॉम्प्युटरवरही चालते. एक खोड मात्र आहे. स्वस्त डब्यांचं घड्याळ कधीकधी लंडनच्या वेळेवर असतं. मेनूत जाऊन साडेपाच तास पुढे केलं नाही तर आठचा टायमर रात्री दीडला उठतो. एका सरांच्या घरी पंधरा दिवस रोज रात्री दीडची जाहिरातबाजी इमानेइतबारे रेकॉर्ड होत होती.

पैसे भरायच्या डीटीएचचं तसं नाही. त्यातलं रेकॉर्डिंग कुलूप घातलेलं असतं, ज्या डब्यावर केलं त्याच डब्यावर चालतं. पेन ड्राईव्ह काढून ठाण्याला नेलात तर तो कॉम्प्युटरवर उघडणार नाही. डबा जळला किंवा बदलून दिला तर जुनी रेकॉर्डिंग गेली. महिन्याचं रिचार्ज संपलं तरी बहुतेक डब्यांत आधीचं रेकॉर्डिंगही उघडत नाही. म्हणून नातीचा टीव्हीवर आलेला नाच कायमचा जपायचा असेल तर डब्यावर भरवसा ठेवू नका. पडद्यासमोर मोबाईल धरून केलेलं चित्रण जास्त टिकेल. रेकॉर्डर हा फ्रीज आहे, लोणच्याची बरणी नाही.

किती जागा लागते? एचडी चॅनेलला तासाला साधारण ३ जीबी धरा, साध्या चॅनेलला १ ते दीड. तीन मालिका, प्रत्येकी अर्धा तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे नऊ तास. एचडीत २७ जीबी. ६४ जीबीच्या पेन ड्राईव्हमध्ये दोन आठवडे आरामात बसतात. त्याहून मोठं कशाला? दोन आठवडे न बघितलेली मालिका कोणी बघत नाही. पण पेन ड्राईव्ह सतत लिहिण्यासाठी बनलेला नसतो. चालू टीव्ही थांबवायची सोय ठेवली तर डबा त्यावर अखंड लिहीत राहतो, आणि स्वस्तातला पेन ड्राईव्ह वर्षभरात निकामी होतो. फक्त टायमरची रेकॉर्डिंग करायची असतील तर पेन ड्राईव्ह पुरे. थांबवणं-मागे घेणं रोज वापरणार असाल तर लॅपटॉपच्या आकाराची बाहेरची डिस्क घ्या. तीही लावून बघूनच घ्या, कारण साध्या यूएसबीतून अर्धा ॲम्पियर मिळतो आणि काही डिस्क सुरू होताना त्याहून जास्त मागतात. टक टक असा आवाज आला आणि डिस्क दिसली नाही, तर डिस्क खराब नाही, उपाशी आहे.

आणि हे अगदी लक्षात ठेवा: डब्याला लावायचा पेन ड्राईव्ह कोरा असावा. पहिल्यांदा लावला की डबा विचारतो, फॉरमॅट करू का? 'हो' म्हटलं की आतलं सगळं जातं. ही चूक माझ्याच हातून झाली आहे. एका घरी काकूंनी कपाटातून पेन ड्राईव्ह काढून दिला, मी लावला, पडद्यावर प्रश्न आला आणि सवयीने ओके दाबलं. त्यात नातवाच्या बारशाचे फोटो होते. मी तो रत्नागिरीला एकाकडे पाठवून थोडे परत मिळवले, बरेच गेले. त्या काकू अजून मला चहा देतात, पण त्यानंतर मी कोणाच्या घरचा पेन ड्राईव्ह लावत नाही, खिशातून नवा आणतो.

स्मार्ट टीव्हीच्या यूएसबीत रेकॉर्डिंग होईल का, असंही काही जण विचारतात. टीव्हीत ती सोय असलीच तरी टीव्ही स्वतःच्या ट्यूनरचंच रेकॉर्ड करतो, एचडीएमआयच्या तारेने जोडलेल्या डब्याचं नाही. म्हणजे तुमच्या कामाची नाही.

एक ट्यूनरचा डबा घेतलात तर घरात एक भांडण ठरलेलं आहे, ते आधीच सांगतो. आठला आईचं रेकॉर्डिंग सुरू झालं की डबा त्या चॅनेलवर जाऊन बसतो. भजन नसलेल्या दिवशी वडील बातम्या बघत असतील तर पडदा एकदम बदलतो. "माझी बातमी खंय गेली?" मग ते रेकॉर्डिंग बंद करतात आणि आईला साडेनऊला कळतं. वडील रोज आठला घराबाहेर असतील तर एक ट्यूनर चालेल. दोघं एकाच वेळी टीव्हीवर हक्क सांगणारी असतील तर दोन ट्यूनरचाच घ्या, नाहीतर आईची पुनःप्रक्षेपणाची दुपारची वेळ लावा. हे घरातल्या माणसांवर आहे, तुम्ही ठाण्यात बसून किंवा मी इथे बसूनही सांगू शकत नाही.

इंटरनेटचं विचारलंत. तुमच्या वाडीत फायबर आलेलं असेल आणि पावसात टिकत असेल तर मालिकांसाठी रेकॉर्डरची गरजच नाही, हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध असलं तरी खरं आहे. ॲपवर भाग हवा तेव्हा मिळतो. पण मोबाईलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर टीव्ही चालवायचा विचार असेल तर एचडीचा एक तासही धड होत नाही. शिवाय ॲप मध्येच बाहेर काढतं, परत आत जायला ओटीपी लागतो, आणि तो येतो तुमच्या नंबरावर. टीव्ही देवगडला, ओटीपी ठाण्याला, आणि तुम्ही लोकलमध्ये. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्याकडे झाडं खांबांवर पडली, तेव्हा फायबर आणि लाईट दोन्ही गेली. लाईट आधी आली. त्या मधल्या दिवसांत छत्रीवाल्यांचे टीव्ही लागले, फायबरवाले शेजारी जाऊन बघत होते. म्हणून फायबर असलं तरी छत्री काढून टाकू नका.

राहिलं शिकवणं, आणि यातच बहुतेक डबे हरतात. मुलगा गणपतीला येतो, एका संध्याकाळी वीस बटणं समजावतो आणि परत जातो. आईला चारच गोष्टी शिकवा: यादी उघडणं, भाग निवडणं, थांबवणं आणि पुसणं. टायमर लावायला शिकवू नका, तो तुम्हीच लावून ठेवा, रोजचा, सोमवार ते शनिवार. सुरुवात दोन मिनिटं आधी, शेवट पाच मिनिटं नंतर, कारण चॅनेलवाले वेळेवर संपवत नाहीत. महाएपिसोड असला की ते गणित कोलमडतं, तेवढं फोनवर सांभाळा. रिमोटवर यादीच्या बटणाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावा, थांबवायच्या बटणाला पांढरा. कागदी स्टिकर दमट हवेत आठ दिवसांत सुटतो. पुसायचं नक्की शिकवा, नाहीतर डिस्क भरते आणि नवीन रेकॉर्डिंग गुपचूप बंद पडतं. आणि डब्यावर क्रोशाचा रुमाल घातलेला असेल तर आईला न दुखावता तो टीव्हीच्या टेबलावर पसरा. डिस्क आधीच तापते, त्यात वरून पांघरूण नको.

तुम्ही काय करा ते सांगतो. यंदा गणपतीला जाल तेव्हा डबा नेऊ नका. आत्ताच्या डब्याला यूएसबी आहे का बघा, एक ६४ जीबीचा कोरा पेन ड्राईव्ह लावा, डब्याचा सॉकेट इन्व्हर्टरवर घ्या आणि एकच मालिका लावून द्या. दिवाळीला गेलात की यादी उघडून बघा, किती भाग बघितलेले दिसतात. आईने यादी बघून पुसलेली असेल तर मोठ्या डब्याचा खर्च करा. पेन ड्राईव्ह भरून बंद पडलेला असेल आणि तिने विचारलंही नसेल, तर तिला मालिकेपेक्षा साडेआठला शेजारणीकडे जाऊन "आज काय झालं गो?" विचारण्यातच जास्त गोडी आहे. असल्या दोन घरांतून मी डबे स्वतः परत आणलेत.